सदतीस सेंटिमीटर

नदीचं मूळ विचारू नये, म्हणतात.
मी तर त्याचाच पगार घेत होतो:
पाठीवर तिपाई, खिशात जुना नकाशा,
त्यावर क्विशुरा एवढीशी,
शिवणाऱ्या बाईच्या मांडीवर राहून गेलेला
निळ्या दोऱ्याचा तुकडा.
एकोणीस किलोमीटर. कॉकेशसात एवढ्याशा पाण्याला
कुणी नदी म्हणून मोजणीत धरत नाही.

मगेलिका मेंढपाळ म्हणाला, उगम तिथं,
त्या हिमाच्या जिभेखाली,
आणि हातातल्या पावानंच दिशा दाखवली.
त्याची बायको म्हणाली, ते नुसतं वितळणं.
नदी सुरू होते खाली, लाल झऱ्याशी,
जिथं पाण्याला लोखंडाची चव येते
आणि मेंढ्या तोंड फिरवतात.
दोघं भांडत राहिले. पनीर गार झालं.
मी दोन्हीकडे चढलो, दोन्हीकडे खुंटी ठोकली.

मग पाटीच्या दगडाची घळ.
तिथं अर्धा किलोमीटर नदी दिसतच नाही,
धोंड्यांच्या खालून जाते;
पालथा पडून कान लावला तर
उपाशी पोटासारखी गुरगुरते.
बाहेर येते ती डावीकडून येणाऱ्या पांढऱ्या ओढ्यापाशी,
आणि दोघी बराच वेळ शेजारी शेजारी चालतात,
एक काळसर, एक ताकासारखी,
जावा-जावा जशा
एका चुलीवर, पण आपापल्या भांड्यात.
पूल म्हणजे एका ट्रकचा सांगाडा.
चाकं कुणीतरी नेली आहेत.

आठव्या किलोमीटरवर नानुकाचं घर.
घराखाली पाण्यात रोवलेली पट्टी,
मुलामा उडालेली, दर सेंटिमीटरला काळी रेघ.
सकाळी आठ, संध्याकाळी आठ.
आधी बाप वाचायचा, आकडा तारेनं खाली जायचा.
मग तार गेली, कचेरी गेली,
जिची कचेरी होती ती राजवटही गेली.
पट्टी राहिली.
"आता कुणाला कळवता?"
"कळवायचं काय? ती आजारी आहे का?"

वह्या शाळेच्या, चौकटींच्या.
एका हिवाळ्यात कागद संपला
तेव्हा औषधांच्या पाकिटांच्या आतल्या बाजू.
मी उलटत होतो, ती शेंगा सोलत होती.
एका पानावर:
*चौदा मार्च. ३७. बर्फ. भाऊ गेला.
संध्याकाळी ३७.*

नंतरच्या मे महिन्यात रात्री समोरचा डोंगर बसला.
उजाडलं तेव्हा नदी
शेजाऱ्याच्या बटाट्यांतून वाहत होती
आणि पट्टी गोट्यांत कोरडी उभी,
लग्न मोडलेल्या मांडवाच्या खांबासारखी.
आठ वाजले. नानुका वही घेऊन तिथंच.
शून्य लिहावं तर खोटं,
नदी तर होती, वीस पावलांवर, चिखलानं माखलेली.
काहीच लिहू नये तर त्याहून खोटं.

मेंढ्यांना खूण करायचा तांबडा रंग तिनं आणला,
नव्या पाण्यातला एक धोंडा गाठला
आणि रेघा ओढल्या.
"शून्य कुठलं धरलं?" मी विचारलं,
कारण आमच्या धंद्यात सगळं शून्यावर ठरतं.
"गुडघ्यावरून. बापानं लहानपणी मोजून ठेवलाय,
तळव्यापासून चव्वेचाळीस."
"लहानपणी?"
ती थांबली. हातातली शेंग तशीच.
"सोळाव्या वर्षी. त्यानंतर वाढले नाही."
मग हसून: "आता डॉक्टर म्हणतो गुडघा झिजला.
म्हणजे नदी थोडी चढलीच म्हणायची."

त्या धोंड्यासाठी नकाशावर चिन्ह नाही.
मी शोधलं. विहिरीसाठी आहे, गिरणीसाठी आहे,
मोडक्या बुरुजासाठी दोन आहेत.

खालचे अकरा किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत:
रेती उपसणारे, विलो, टायर धुणारे ड्रायव्हर,
मग मोठी नदी,
आणि तिच्यात शिरल्यावर क्विशुरा
दहा पावलंसुद्धा ओळखू येत नाही.

कचेरीतून विचारणा आली, खुंट्या दोन का?
उगम एकच कळवा.
कळवला.
कुठला ते सांगत नाही.
मगेलिकाच्या घरी मला पुन्हा जेवायला जायचं आहे.